कोकिळाताईंच्या फ्रीजरमधला डबा

९ मे

कॉलेज रिकामं झालं. सकाळी मी गेटवर पोचले तेव्हा शिपाई बंडूजी कुलूप लावून निघतच होते. "मॅडम, तुमी सुट्टीतबी येनार?" हो म्हटलं. त्यांनी एक किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि सायकलवर टांग मारली. आता जूनच्या मध्यापर्यंत ही इमारत माझी एकटीची.

काम तेच. फ्रीजरमधून एक चकती काढायची, थंड पेटीत ठेवायची, व्होल्टेज हळूहळू चढवायचं आणि किती करंट गळतो ते मोजायचं. मग ठरलेली मिनिटं साठ अंशांवर गरम करायची, पुन्हा मोजायची, पुन्हा उणे वीसमध्ये. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकत्या. परदेशातल्या एका अणुभट्टीत त्यांनी न्यूट्रॉनचा मारा खाल्लाय. मोठ्या प्रयोगात, कणांच्या टकरींच्या अगदी जवळ वर्षानुवर्षं बसणाऱ्या डिटेक्टरचं जे होईल, ते त्यांचं आधीच करून ठेवलंय. माझ्या जुन्या सहकाऱ्याने, हर्षितने, केवळ माझ्या शब्दावर त्या मुंबईच्या त्याच्या संस्थेतून पाठवल्या. "तुझ्याकडे वेळ आहे रूपाली, आमच्याकडे नाही," असं म्हणाला होता. त्याला टोमणा मारायचा नव्हता. पण वेळ माझ्याकडे आहे हे खरंच.

संध्याकाळी दुकानात ब्रेड मागितला तर आवाज घोगरा निघाला. दिवसभरातलं ते पहिलं बोलणं होतं. बंडूजींशी बोलले ते सोडून.

१४ मे

दोन दिवसांचं एकदम लिहिते.

काल दुपारून वादळ आलं. हायवेवरच्या गॅरेजचे टिनाचे पत्रे उडून शेतात पडले, आणि कॉलेजमागचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळ्या कारंजा गावाची लाइट आज सकाळी आली, आमची नाही. वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, कॉलेजले तं सुट्ट्या हायेत. पयले गावातलं पाहू द्या." जनरेटर प्राचार्यांच्या कुलपात, प्राचार्य मनालीला.

दुपारी फ्रीजर उणे सहावर आला होता. बाहेर पंचेचाळीस. घरमालकांच्या फ्रीजचा बर्फाचा खण आईस्क्रीमसुद्धा धरत नाही. मेडिकलवाल्याने लशींचा फ्रीज दाखवला, तो अधिक पाचचा. चकत्यांचा स्टीलचा डबा बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मी स्कूटीवर नुसती हिंडत होते. चार वर्षांची धडपड त्या थर्मासमध्ये होती. परदेशातून परत आल्यापासून माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नाही.

हायवेवरच्या एका धाब्यासमोर जनरेटर धडधडत होता. आत आईस्क्रीमचा आडवा डीप फ्रीजर. चुलीपाशी पन्नाशीच्या बाई भाकरी थापत होत्या. मी धापा टाकत काय काय बोलले, आठवत नाही. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ठेवा न मंग. जागा हाय."

खाण्याच्या वस्तूंसोबत असलं काही ठेवू नये, हा पहिला नियम. मी स्वतः मुलांना शिकवलाय. डबा बंद आहे, चकत्यांत उरलेला किरणोत्सर्ग नावापुरता आहे, मीटरलाही दिसणार नाही. तरी नियम तो नियम. डबा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला आणि मटारच्या पाकिटांखाली ठेवला. उणे अठरा. मग बाहेर येऊन खाटेवर बसले.

त्यांचं नाव कोकिळाताई.

१७ मे

डब्याचं तापमान बघायला रोज जाते. जायचं म्हणजे जेवणंही तिथेच होतं. आज दुपारी गर्दी ओसरल्यावर कोकिळाताई समोर येऊन बसल्या.

"काय हाय वो त्या डब्यात?"

"सिलिकॉनचे तुकडे. मोबाइलमध्ये असतं तसलं."

"मंग थंडं काऊन ठेवता?"

"मार बसलाय त्यांना. आतले अणू जागेवरून हललेत. थंडीत जिथल्या तिथे राहतात, ऊब लागली की सरकायला लागतात. थोड्या उबेनं सुधारतं, जास्त झाली की आणखी बिघडतं. किती उबेनं काय होतं, तेच मोजते मी."

त्या विचारात पडल्या. "म्हंजे त्याइले मारता, मंग शेकता, मंग पायता का आता कसं हाय?"

"मारलं दुसऱ्यांनी. मी फक्त शेकते."

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. "बायकाइच्याच वाट्याले येते बापा हे काम!"

मीही हसले. परिषदांमधून हे काम मी कितीदा समजावून सांगितलंय, कोणी हसलं नव्हतं.

२२ मे

ट्रान्सफॉर्मर नागपूरहून येणार आहे म्हणे. कधी ते कोणालाच माहीत नाही. धाकट्या भावाचा, चंदनचा फोन आला. तेच, "ताई, पुण्याला ये, आईलाही बरं वाटेल, तिथे एकटी काय करतेस?" काम चालू आहे म्हटलं. काम बंद आहे. लाइट नाही तर मोजू कशाने?

हर्षितला कळवायला हवं. कळवलं तर तो म्हणेल नागपूरच्या विद्यापीठात ठेव, किंवा माणूस पाठवतो, परत दे. एकदा परत गेल्या की त्या पुन्हा कारंज्याला येणार नाहीत. मेल लिहिला आणि पाठवला नाही.

आज निघताना कोकिळाताई म्हणाल्या, "उद्या पाटोडीचा रस्सा करतो. येजो." इतके दिवस "येजा मॅडम" होतं, आज एकेरी. मी स्कूटीवर बसल्यावर ते लक्षात आलं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं, इतकं की पेट्रोल भरायचं विसरले.

मीही आज "का"ऐवजी "काऊन" म्हणाले. किती वर्षांनी! आईशीसुद्धा आता पुण्याचं बोलते मी.

२७ मे

एक लहानसा प्रसंग.

एका ड्रायव्हरने पाण्याची थंड बाटली काढायला स्वतःच फ्रीजर उघडला. मटार संपले होते, पिशवी फाटली होती, आणि डब्यावरचं पिवळं स्टिकर, तीन पाकळ्यांचं, उघडं पडलं होतं. तो ओरडला, "हे तं पुलगावच्या बारूदच्या डेपोत पायलंय मी! धोक्याचं निशान हाय हे!"

खाटांवरचे सगळे उठून आले. मी पुढे झाले आणि सांगितलं, डबा माझा आहे, बॉम्ब नाही, संशोधनाचे नमुने आहेत.

"रेडिएशन हाय का त्याच्यात?" एकाने विचारलं.

नाही म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण मी विज्ञान शिकवते. म्हटलं, "अगदी नगण्य आहे. तेवढं तर मिठातही असतं, आपल्या हाडांतही असतं."

सगळे पुन्हा खाटांकडे वळले. मला वाटतं त्यांना पटलं. ड्रायव्हरने फोटो काढला. मी हरकत घेतली नाही, लपवण्यासारखं काय आहे? कोकिळाताई तव्याकडे पाठ करून उभ्या होत्या, त्यांची भाकरी करपली.

नंतर डबा नव्या पिशवीत घालून तळाशी ठेवला.

३१ मे

ऊन भयंकर. रस्त्यावर ट्रकसुद्धा कमी असावेत. धाब्यावर आज शांत होतं. कुलरसमोरची खाट मला आपसूक मिळाली, एरवी तिथे ड्रायव्हर लोळत असतात.

कोकिळाताईंना वेळ होता, खूप बोलल्या. यजमान गेले त्याला सात-आठ वर्षं झाली. जागा मोठ्या दिरांची, भैय्याजींची. "चालते तोवर चालव" असं त्यांनी म्हटलंय. एक मुलगी आहे, अमरावतीला दिली. "फोन करते. पन तिचीबी सासू हाय न." मी परदेशातल्या प्रयोगशाळेबद्दल सांगितलं. तिथल्या थंडीबद्दल, आणि आई आजारी असताना मी तिकडे कशी अडकले होते त्याबद्दल. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी लसूण सोलता सोलता ऐकलं. मध्ये बोलल्या नाहीत, बिचारी वगैरे म्हणाल्या नाहीत.

असे दिवस उन्हाळाभर राहिले तर बरं.

४ जून

लाइट आली! आणि कॉलेजचा फ्रीजर गेला. लाइट आली ती इतक्या जोरात की कॉम्प्रेसर जळला. दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट यायला वेळ लागेल.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. डबा धाब्यावरच राहणार.

आता थर्मासमधून एकेक चकती आणते, मोजते, परत नेते. आलेख सुरेख आलाय. गळणारा करंट ठरल्यासारखा उतरतोय, आणि ज्या वळणाची आम्ही वाट पाहत होतो ते वळण दिसायला लागलंय. हर्षितला पाठवला. त्याचं उत्तर तासाभरात: "अप्रतिम. जुलैच्या बैठकीत दाखवू. साठवण कुठे?" मी लिहिलं, "डीप फ्रीजर, उणे अठरा." ह्यात खोटं काही नाही.

आनंद सांगायला धाब्यावर गेले. कोकिळाताई एकट्याच होत्या. "वयन आलं का? मंग बस, चहा मांडतो." त्यांना वळण म्हणजे काय ते कळलं नसणार, पण त्यांना बरं वाटलेलं दिसलं. भाज्या करणारा आचारी दिसला नाही. सुट्टीवर गेला म्हणाल्या.

९ जून

आज भैय्याजी भेटले. पांढरा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. सभ्य माणूस. माझी फार आस्थेने विचारपूस केली. डब्याबद्दल इतक्या बारकाईने आजवर कोणी विचारलं नव्हतं. कुठून आला, परवानगी कोणाची, असल्या वस्तू खाण्याच्या फ्रीजमध्ये चालतात का. मी प्रामाणिकपणे सांगितलं की नियमाने नाही चालत, अडचण होती म्हणून ठेवला. त्यांनी मान डोलावली. "बरोबर हाय मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या, तुमी खोटं कायले बोलान." मग रिकाम्या खाटांवरून नजर फिरवत बराच वेळ उभे राहिले.

ते गेल्यावर कोकिळाताईंना म्हटलं, तुमचे भासरे चांगले आहेत.

"हाव," म्हणाल्या, आणि कालचीच भाजी गरम करायला उठल्या.

१६ जून

कॉलेज सुरू झालं. आज मला काय कळलं ते लिहायची लाज वाटते. मला सोडून सगळ्या कारंज्याला ते माहीत होतं.

बंडूजी चहा घेऊन आले आणि टेबलाशी घुटमळले. "मॅडम, तुमी त्या धाब्यावर जेवता म्हंतेत."

"हो. का?"

"नोका जेवू बापा. तिथं मिठात रेडिएशन हाय. साऱ्याइच्या मोबाइलवर आलं. ड्रायव्हर लोकं आता थांबतच नाई तिथं, पुढच्या धाब्यावर जातेत. कोनीतरी मॅडमच बोलली म्हने, मिठात हाय न हाडात जाते."

त्यांनी मोबाइल दाखवला. माझा डबा, पिवळं स्टिकर, कोपऱ्यात माझी ओढणी. मे महिन्यातला तो फोटो.

तास सोडून गेले. कोकिळाताई एकट्या बसून तांदूळ निवडत होत्या. एवढे तांदूळ कोणासाठी, हा विचार माझ्या मनात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं काऊन नाही? मी त्याच दिवशी नेला असता डबा!"

"कोठी नेला असता?" त्या सुपावरून मान वर न करता म्हणाल्या. "आन डबा नेल्यावर लोकं वापस आले असते का? बोलणं थोडीच वापस येते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तवा मंग तू तरी येत होती."

आचारी सुट्टीवर गेलेला नव्हता. त्याला पगार कुठून देणार? आणि मी त्या खाटेवर पाय पसरून म्हणत होते, किती शांत आहे इथे.

१७ जून

हर्षितला फोन करून सगळं सांगितलं.

"खाण्याच्या फ्रीजरमध्ये, रूपाली? महिनाभर?"

"हो."

"मला आधी सांगायचंस ना. मी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो स्वतः येतो म्हणाला. मी विनवलं की मीटर घेऊन ये, सगळ्यांसमोर मोजून दाखवू, फ्रीजरमध्ये काही नाही हे डोळ्यांनी दिसलं की लोकांची भीती जाईल. त्याला पटलं. माझ्याही जिवात जीव आला. मोजलं की प्रश्न सुटतो, एवढंच तर आम्हा दोघांना येतं.

कोकिळाताईंना सांगितलं. "मोजून लोकं जेवाले येतेत का?" त्यांनी विचारलं. येतील म्हटलं.

२१ जून

हर्षित आला, संस्थेच्या पांढऱ्या गाडीतून. गाडीवर इंग्रजीत "ॲटॉमिक" असं मोठ्या अक्षरांत होतं. गाडी थांबताच पानटपरीवरचे लोक जमले. मी भैय्याजींनाही बोलावलं होतं. मला वाटलं, त्यांच्यासमोर झालं तर बरं.

हर्षितने नियमाप्रमाणे हातमोजे घातले. तिथेच आमचं चुकलं. मग मीटर सुरू केला, आणि मीटर टिकटिकायला लागला.

टिकटिकणारच. दगडातून, मातीतून, आकाशातून काही ना काही येतंच असतं, मीटर ते मोजतो. कुठेही धरा, तेवढंच टिकटिकतो. पण हे मला माहीत, हर्षितला माहीत. लोकांनी ऐकलं ते एवढंच, की फ्रीजरपाशी मशीन बोलायला लागली. गर्दी मागे सरकली. एका बाईने पोराला कडेवर घेतलं आणि चालू लागली.

"हा आवाज सगळीकडे येतो!" मी ओरडले. हर्षितच्या हातातून मीटर घेतला आणि कडुलिंबापाशी गेले, रस्त्यापाशी गेले, टपरीपाशी गेले. "बघा, इथेही तेवढंच! इथेही!" मी जिकडे जाई तिकडचे लोक पांगत होते. टपरीवाल्याने तर दोन्ही हात वर केले. "मॅडम, माह्या दुकानापासून दूर, मॅडम!"

बरेच मोबाइल वर झाले होते. माझं ओरडणं त्यांच्यात गेलं असणार.

गर्दी गेल्यावर कोकिळाताईंनी आम्हा दोघांना वाढलं. हर्षित खाली मान घालून जेवला. त्याला वाटलं जेवणाचं कौतुक करावं. म्हणाला, "छान झालंय सगळं. जरा मीठ घेऊ का?"

"मीठ नाई ठेवत आता," कोकिळाताई म्हणाल्या. "टाकाचंच सोडून देल्लं."

त्या रागावल्या नव्हत्या. ताक आणायला उठल्या.

भैय्याजी जाताना मला नमस्कार करून गेले. "तुमी फार मेहनत घेतली मॅडम."

डबा हर्षित घेऊन गेला. गाडीत बसताना म्हणाला, "चकत्या ठीक असतील. पहिल्या दिवशीचं तापमान लिहून ठेवलंस ते चांगलं केलंस, हिशोबात धरता येईल." मग थांबला आणि म्हणाला, "तू बरी आहेस ना?" बरी आहे म्हटलं.

२९ जून

पाऊस लागून राहिलाय. धाबा बंद. खाटा एकावर एक रचून वर ताडपत्री. पाटी काढली आहे. टपरीवाला दुरूनच म्हणाला की भैय्याजी आता तिथे गाळे काढणार, बाई पुलगावला बहिणीकडे गेल्या.

मला सांगून गेल्या नाहीत. का सांगतील?

११ जुलै

बैठक झाली. मी माझ्या खोलीतून स्क्रीनवर हजर होते. हर्षितने माझा आलेख दाखवला. नाव माझं पहिलं घातलं होतं. इटलीच्या एका बाईंनी दोन प्रश्न विचारले, मी नीट उत्तरं दिली. कोणीतरी म्हणालं की अशा चिकाटीची मोजमापं हल्ली दुर्मीळ झालीत. मग पुढचा विषय निघाला आणि मी कॅमेरा बंद केला.

हीच गोष्ट मला चार वर्षं हवी होती. खिचडी केली, थोडी खाल्ली. चकत्या मुंबईतच राहतील. "आकडे तुला पाठवत जाऊ, विश्लेषण तू कर," असं ठरलं. फ्रीजर दुरुस्त होऊन आलाय. रिकामाच चालू ठेवला होता. का ते मलाही माहीत नाही. आज बंद केला.

३ ऑगस्ट, रविवार

आर्वीमार्गे पुलगावला गेले. दोनदा ठरवून दोनदा मोडलं होतं. पत्ता कोकिळाताईंच्या मुलीकडून मिळवला, ती फोनवर तुटक बोलली.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एक खानावळ आहे. डेपोतले कामगार जेवतात. कोकिळाताई तिथे पोळ्या करतात, दुसऱ्याच्या खानावळीत. मला बघून त्यांचा हात थांबला, मग चालू झाला.

"या मॅडम. बसा. जेवून जा."

मी बसले. मला बोलायचं होतं, चार-पाच वाक्यं मी बसमध्ये जुळवली होती. त्या वाढायला आल्या तेव्हा सुरुवात केली, "कोकिळाताई, माझ्यामुळे तुमचं..."

"वरन घ्या," म्हणाल्या. वाढलं. मग हळू आवाजात विचारलं, "तुमचे ते तुकडे ठीक हायेत न?"

"ठीक आहेत. मुंबईला गेले."

"मंग झालं."

ते "झालं" त्यांनी मनापासून म्हटलं, माझ्यासाठी.

शेजारच्या माणसाने विचारलं, "ह्या कोन वो, मावशी?" त्या म्हणाल्या, "कारंज्याच्या मॅडम हायेत. कॉलेजात शिकवतेत." आणि पुढच्या ताटाकडे वळल्या.

निघताना दारापर्यंत आल्या. "येजा कवा तरी. पन ह्या वक्ताले नोका येऊ. गर्दी राहते, मले बोलाले होत नाई."

बसमध्ये मागच्या सीटवर एक आजोबा घोरत होते. आर्वीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले, कपाशी हिरवीगार झालीये सगळीकडे. त्यांनी ये म्हटलं ते खरं की म्हणायचं म्हणून म्हटलं, हे ठरवण्याचा प्रयत्न करत होते. मोजायला काही नव्हतं.

१० ऑगस्ट

गेले नाही. तीन वेळा चप्पल घातली.

१७ ऑगस्ट, रविवार

आज चार वाजता पोचले. खानावळ रिकामी. बाकं भिंतीला लावलेली, फरशी नुकतीच धुतलेली, अजून ओली. मालक बाहेर पेपर वाचत होता. "मावशी आत हाय," म्हणाला.

आत, मागच्या खोलीत, कोकिळाताई सतरंजीवर झोपल्या होत्या. हात डोक्याखाली, पदर तोंडावर. मनगटापर्यंत पीठ वाळलेलं. एका पायाला भेगा पडलेल्या, त्यात काहीतरी मलम.

मी उठवलं नाही. भिंतीला टेकून बसले. खिडकीतून स्टेशनची घोषणा ऐकू येत होती, एक मालगाडी बराच वेळ जात राहिली. त्यांच्या पावलावर माशी बसली की मी रुमालाने उडवायची, ती पुन्हा यायची. मला काही सांगायचं नव्हतं. बसमध्ये वाक्यं जुळवली नव्हती. आर्वीची एक बस गेली असेल, मग दुसरीही गेली असेल. खोलीत अंधारून आलं, बाहेर मालकाने लाइट लावला. माझा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, तो सरळ केला तेव्हा सतरंजी थोडी ओढली गेली.

पदर तसाच तोंडावर ठेवून त्या म्हणाल्या, "कवा आली?"

"आत्ताच," म्हटलं.